विभागप्रमुख मढवी यांजकडून प्रा. मढवी यांस

पालेगावात हरिचंद्र मढवींना नावानं कुणी हाक मारत नसे. गावातले ते पहिले एमएस्सी, त्यामुळे सगळ्यांचेच ‘सर’. त्यांच्याहून वीस वर्षांनी मोठ्या असलेल्या म्हाताऱ्यांचेसुद्धा. बदलापूरच्या कॉलेजात ते वनस्पतिशास्त्र शिकवायचे आणि गेली बारा वर्षं संशोधन करत होते. म्हणजे करणार होते. गावाची समजूत अशी की संशोधन म्हणजे शोध, आणि शोध हा एक दिवस लागायचाच असतो. देवळाच्या ओट्यावर बसलेली मंडळी दोन-चार महिन्यांनी न चुकता विचारायची, “सर, लागला का शोध?”

“कधीच लागला असता,” सर लुनाचा वेग कमी न करता म्हणायचे, “पण उल्हासनगरनं फाईल अडवलीय ना!”

उल्हासनगर म्हणजे अख्खं शहर नव्हे. मढवी सर ज्या शिक्षणसंस्थेत होते तिची तीन गावांत तीन कॉलेजं होती, उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर. आणि तिन्हींचं मिळून एकच मुख्य कार्यालय होतं, ते उल्हासनगरात तीन नंबर कॅम्पात. कुठल्याही प्राध्यापकाला संशोधनासाठी दिल्लीहून अनुदान मागायचं तर प्रस्ताव आधी या कार्यालयात द्यावा लागे. तिथं तो तपासला जाई, त्याला पत्र जोडलं जाई, गोल शिक्का बसे, आणि मग तो दिल्लीला रवाना होई. थेट पाठवायची कुणाला मुभा नव्हती.

तपासायच्या त्या टेबलावर शालन ओव्हाळ बसायच्या. अंबरनाथ पश्चिमेला राहणाऱ्या, सुती साडी, ठसठशीत चष्मा, आणि हातात लाल-निळ्या टोकांची पेन्सिल. लाल टोकानं त्रुटी काढायच्या आणि निळ्यानं, त्रुटी दुरुस्त झाली की तिच्यावर बरोबरची खूण करायची. तिन्ही कॉलेजांतल्या प्राध्यापकांना निळ्या टोकापेक्षा लाल टोकाचीच आठवण जास्त होती, आणि त्यातही मढवी सरांना अंमळ जास्तच.

सरांचा विषय चांगला होता, हे मात्र कबूल केलं पाहिजे. तळ्यांच्या काठाला आपोआप उगवणारा जंगली भात असतो, त्याला देवभात म्हणतात. कुणी पेरत नाही, कुणी नांगरत नाही. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नसतं, म्हणून बायका त्या दिवशी देवभात रांधतात. सरांची आई पुतळाबाई लुगड्याचा काचा मारून गुडघाभर पाण्यात शिरायची आणि लोंब्या टोपलीत हलवून दाणे पाडायची. हा दाणा हात लागताच गळतो, त्यामुळे काठावर उभ्या असलेल्या हरिचंद्रला ओरडून सांगायची, “हलू नको रं, पानी हललं क दाना गेला!” पुढे एमएस्सी झाल्यावर सरांच्या डोक्यात आलं की पालेगाव ते बदलापूर या टापूतल्या सात तळ्यांत हा भात आहे, त्याचा कुणीतरी रीतसर अभ्यास केला पाहिजे. ‘कुणीतरी’ म्हणजे अर्थात आपणच. हे एक्क्याऐंशी साल.

आणि त्र्याण्णव सालच्या जूनमध्ये संस्थेच्या वार्षिक बैठकीत सर उभे राहिले. आता ते विभागप्रमुख होते. विभागात ते स्वतः, मालिनी मॅडम नावाच्या दोन वर्षांपूर्वी लागलेल्या प्राध्यापिका आणि वांगणीहून येणारा शिपाई चंदर, एवढीच प्रजा होती. पण प्रमुख ते प्रमुख. “अधिकाराचं विकेंद्रीकरण झालंच पाहिजे!” सर म्हणाले. “ज्यानं प्रस्ताव लिहिला त्याच्याच विभागानं तो पाठवावा. मधे हे टेबल कशाला? या टेबलानं किती संशोधकांचं आयुष्य खाल्लं, याचा हिशेब कोण देणार?” पंचवीस मिनिटं ते बोलले. भौतिकशास्त्राचे आणि रसायनशास्त्राचे प्रमुख प्रत्येक वाक्याला बाक वाजवत होते. शालनबाई कोपऱ्यात बसून इतिवृत्त लिहीत होत्या आणि सर जे जे बोलत होते ते ते शांतपणे उतरवत होत्या.

संस्थेचे अध्यक्ष हशमतराय. फर्निचर बाजारात त्यांची तीन दुकानं. शिक्षणाबद्दल त्यांना आदर होता, पण बाहेर दाल-पकवान, म्हणजे डाळ आणि कडक तळलेल्या पुऱ्या, गार होत होतं, त्याबद्दलचा आदर त्याहून मोठा होता.

“देखो मास्टरजी,” ते म्हणाले, “मेरी तीन दुकानें हैं. तीनों का बिल मैं अकेला फाड़ने बैठूँ तो धंधा चौपट. इसलिए हर दुकान अपना बिल खुद फाड़ती है. आज से तुम भी फाड़ो. हेड का साइन, हेड का ठप्पा, सीधा दिल्ली. मंजूर? चलो, खाने चलो.”

एकमतानं मंजूर झालं. वर्षानुवर्षं अडलेली गोष्ट पकवान कडक आहेत तोवर निकालात निघाली, याचं सरांनाच थोडं वाईट वाटलं. त्यांच्याजवळ आणखी वीस मिनिटांचं भाषण शिल्लक होतं.

शालनबाईंनी दुसऱ्याच दिवशी प्रत्येक विभागाला एक कोरी जावक नोंदवही दिली आणि सोबत एक टंकलिखित कागद: ‘पाठवण्यापूर्वी पाहायच्या गोष्टी’. चौदा ओळी होत्या.

“याची गरज नाही लागायची,” सर म्हणाले.

“असू द्या सर,” बाई म्हणाल्या. “चौदा वर्षं मी ऐकून घेतलंय, आता जरा तुम्ही ऐकून घ्या. मला तर बाई सुटल्यासारखं झालं.”

त्या खरोखरच खूश दिसत होत्या. जिचं राज्य गेलं तिनं इतकं खूश दिसावं हे सरांना पटलं नाही.

घरी आल्यावर त्यांनी विजयाची वार्ता बायकोला, जनीला सांगितली. जनी भाकरी थापत होती.

“म बरा झाला,” ती म्हणाली. “आता आना ती फाईल उल्हासनगरशी, न द्या धारून दिल्लीला.”

सर हातपाय धुवायला मोरीत गेले. इथं एक गोष्ट सांगून टाकलेली बरी, कारण सर काही ती स्वतः सांगणार नाहीत. फाईल उल्हासनगरला नव्हतीच. ती सरांच्याच प्रयोगशाळेतल्या कपाटात, वाळवलेल्या पानांच्या कागदांखाली होती, आणि एक्क्याऐंशी सालापासून होती. त्या साली सरांनी ती उल्हासनगरला नेली होती, शालनबाईंनी लाल पेन्सिलीनं दोन त्रुटी काढून परत दिली होती, सर तणतणत बदलापूरला आले होते आणि त्यांनी ती कपाटात टाकली होती. त्यानंतर दर वर्षी ते फाईल काढायचे, दोन पानं सुधारायचे, एक परिच्छेद वाढवायचे, एवढ्यात मुदत टळून जायची. मग लुनावरून जाताना ओट्यावरच्या मंडळींना ते जे सांगायचे, ते सांगता सांगता त्यांचा स्वतःचाही त्यावर पक्का विश्वास बसला होता. ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच उल्हासनगरचा राग येत होता.

आता उल्हासनगर मधून निघून गेलं होतं, आणि तीस सप्टेंबर ही प्रस्ताव पोस्टात टाकायची शेवटची तारीख समोर होती.

सरांनी आधी शिक्का करून घेतला. दोन नंबर कॅम्पातल्या ठसेवाल्यानं विचारलं, “कितना बड़ा?” सरांनी मुख्य कार्यालयाच्या शिक्क्याहून बोटभर मोठा सांगितला. मग आवक नोंदवही, जावक नोंदवही, दोन ट्रे आणि एक टाचणीची डबी. जुलैमध्ये मालिनी मॅडमनी आपला प्रस्ताव आणून दिला. विषय होता सोसायट्यांच्या पाण्याच्या टाक्यांत वाढणारं शेवाळ. बदलापुरात तेव्हा रोज एक नवी सोसायटी उभी राहत होती, त्यामुळे विषयाला मरण नव्हतं. सरांनी नऊ त्रुटी काढल्या. डावीकडचा समास दीड इंच नाही. टाचणी उजव्या कोपऱ्यात हवी, डाव्या आहे. ‘शेवाळ’ हा शब्द पहिल्या पानावर सहा वेळा आला आहे, चार वेळा पुरे. मॅडमनी नऊही दुरुस्त करून आणल्या. सरांनी आणखी पाच काढल्या.

“सर, ओव्हाळबाई असत्या तर एव्हाना गेला असता,” मॅडम हळूच म्हणाल्या.

“बाईंना शास्त्र कुठं कळत होतं?” सर म्हणाले.

मॅडमच्या फाईलला इतकं कसून तपासल्यावर स्वतःच्या फाईलला मोकळं सोडणं सरांच्या तत्त्वात बसेना. हेडनं आपलाच प्रस्ताव डोळे झाकून पाठवला, असं उद्या कुणी म्हणालं तर? नियम म्हणजे नियम. अर्ज योग्य मार्गानंच आला पाहिजे. म्हणून दोन ऑगस्टला प्रा. ह. पु. मढवी यांनी मा. विभागप्रमुख, वनस्पतिशास्त्र, यांना विनंतीपत्र लिहिलं: माझा प्रस्ताव सोबत जोडला आहे, कृपया पुढे पाठवावा, कळावे, आपला विश्वासू. सही केली आणि पत्र उजव्या ट्रेमध्ये ठेवलं.

“चंदर,” त्यांनी हाक मारली, “हे पत्र आवकला नोंदव आणि हेडच्या ट्रेमध्ये टाक.”

चंदरची नोकरी वीस वर्षांची. त्यानं उजवा ट्रे पाहिला, डावा ट्रे पाहिला आणि मधे बसलेल्या सरांना पाहिलं. “सर, हात लांब केला तरी पोचतंय.”

“प्रोसिजर आहे.”

चंदरनं टेबलाला वळसा घातला, नोंदवहीत आकडा टाकला, सरांच्या पुढ्यात सहीसाठी वही धरली आणि पत्र डाव्या ट्रेमध्ये ठेवलं. जेवणाच्या सुट्टीनंतर सर खिडकीपाशी असलेल्या खुर्चीतून उठून हेडच्या खुर्चीत बसले आणि त्यांनी प्रस्ताव वाचायला घेतला. बारा वर्षांत तो त्यांनी लिहिला खूप होता, पण दुसऱ्याचा समजून वाचला नव्हता. पाचव्या पानाशी त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. ‘या भागातील संशोधनाच्या क्षेत्रात प्रस्तुत लेखकाचा हात धरणारा कोणी नाही’? हे काय? त्यांनी लाल पेन्सिल मागवली.

विभागप्रमुख मढवींनी प्रा. मढवींना चार त्रुटी कळवल्या. आत्मस्तुती गाळावी. साधनांची यादी जोडावी. संदर्भग्रंथ जुने आहेत. आणि चौथी, सात तळ्यांचा तक्ता एक्क्याऐंशी सालचा आहे, सद्यःस्थिती सात दिवसांत सादर करावी.

प्रा. मढवींना हे फार लागलं. त्यांनी दोन पानी उत्तर लिहिलं की, आपले पत्र वाचून खेद झाला, आयुष्य या विषयाला वाहिलेल्या माणसाला कालच खुर्चीत बसलेल्यांनी साधनांची यादी मागावी हे दुर्दैव आहे. चंदर वळसा घालून ते हेडकडे घेऊन गेला. हेडनी उलट टपाली समज दिली: आपल्या पत्राची भाषा पदाचा मान राखणारी नाही, तीन दिवसांत खुलासा करावा. खुलासा आला, पण तो असमाधानकारक होता. ऑगस्ट संपेपर्यंत आवक क्रमांक एकोणीसवर गेला. चंदरनं वांगणीला जाऊन घरी सांगितलं की आमच्या हापिसात दोन मढवी सर आहेत आणि त्यांचं आपसांत पटत नाही.

“आमचं हेड फार माजलंय,” एका संध्याकाळी सर घरी म्हणाले.

“हेड कोन?” जनीनं विचारलं.

“मीच.”

जनीनं हातातली परात खाली ठेवली आणि त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता.

तळ्यांची सद्यःस्थिती मात्र सादर करणं भाग होतं. हेड ऐकणाऱ्यातला नव्हता. सप्टेंबरच्या दुसऱ्या रविवारी सरांनी वही घेतली, जनीला लुनावर मागे बसवलं आणि दोघं निघाली. पहिल्या तळ्यावर पोचली तेव्हा तिथं चार मजली इमारत उभी होती. गॅलरीत टॉवेल वाळत होते. दुसरं तळं इमारतीच्या दगडमातीनं भरलं होतं. तिसऱ्यात पाणी होतं, पण वर नुसती जलपर्णी. चौथं सरांना सापडेचना. अर्धा तास फिरल्यावर एका वॉचमननं सांगितलं की तुम्ही उभे आहात तेच. सर वहीत लिहीत गेले आणि त्यांचं अक्षर बारीक होत गेलं. पाचवं भरणीखाली, सहाव्याच्या एका कोपऱ्यात थोडा देवभात होता. सातवं पालेगावचंच, आईचं. तिथं मात्र तो चांगला हातभर उभा होता, लोंब्यांना लांब लाल कुसळं फुटलेली. जनी चपला काढून सरळ पाण्यात शिरली आणि तिनं एक लोंबी हातात वाकवून धरली.

सर काठावर वही घेऊन उभे होते. त्यांना फार शरम वाटली. सातातल्या दोनच तळ्यांत देवभात राहिला होता, आणि बाकीच्या पाचांतून तो गेला तेव्हा ते कपाटातल्या फाईलमधला परिच्छेद सुधारत होते.

“ही फाईल बारा वर्सां कोनी आडवली, मना एकदा सांगा तुमी,” जनी पाण्यातून म्हणाली.

“उल्हासनगरनं,” सर सवयीनं म्हणाले. आणि मग त्यांनी वही मिटली.

“उल्हासनगर तं जूनलाच बाजूला झाला. म आता कोन आडवतं?”

सर लुनाकडे वळले. सोमवारी कॉलेजात त्यांनी तळ्यांचा नवा तक्ता केला, जुना आणि नवा आकडा शेजारी शेजारी मांडला, यादी जोडली, संदर्भ बदलले, आत्मस्तुती खोडली. आता काहीच उरलं नव्हतं, फक्त हेडची सही आणि शिक्का. आणि नेमकी तीच होईना. सर पेन उघडायचे, टोपण लावायचे. शालनबाई सही करायच्या तेव्हा काही चुकलं तर बाईंचं चुकायचं. दिल्लीनं नाही म्हटलं तर ते बाईंच्या पत्राला म्हटलेलं असायचं. आता खाली दोन्ही जागी एकच नाव होतं आणि ते पुसून दुसऱ्या कुणाचं टाकायची सोय नव्हती. मालिनी मॅडमची फाईलही त्यामुळेच पडून होती. तिच्यात आता समाससुद्धा बरोबर होता.

एकोणतीस सप्टेंबरला मॅडम टेबलासमोर येऊन उभ्या राहिल्या. “सर, उद्या शेवटची तारीख. सही करा, नाहीतर ‘पाठवत नाही’ असं लिहून त्याच्याखाली सही करा. मी तो कागद घेऊन हशमतराय साईंकडे जाईन.”

म्हणजे सही सुटत नव्हतीच. “उद्या संध्याकाळपर्यंत करतो,” सर म्हणाले. मॅडमच्या डोळ्यांत पाणी होतं, ते त्यांनी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. मग घरी जाईपर्यंत त्यांना तेच दिसत राहिलं.

तीस तारखेला सकाळी दोन्ही फाईली पिशवीत घालून सर लुनावरून उल्हासनगरला निघाले. शालनबाईंनी नुसती एक नजर टाकली तर काय बिघडतं, एवढाच विचार. विकेंद्रीकरणाची मागणी करणाराच परत त्याच टेबलापाशी चाललेला कुणी पाहू नये म्हणून ते मागच्या जिन्यानं वर गेले. वर व्हरांड्यातल्या बाकावर भौतिकशास्त्राचे प्रमुख बसले होते. मांडीवर पिशवी, पिशवीवर वर्तमानपत्र.

“तुम्ही इकडे कुठे?” सरांनी विचारलं.

“पीएफचं जरा काम होतं,” ते म्हणाले. “तुम्ही?”

“मीही. पीएफच.”

शेजारी अंबरनाथचे रसायनशास्त्राचे प्रमुख होते, त्यांचंही पीएफ. प्राणिशास्त्राच्या बाई होत्या, त्यांना रजेचं विचारायचं होतं. तिन्ही कॉलेजांतले मिळून नऊ विभागप्रमुख त्या बाकावर आणि बाकाच्या आसपास होते, आणि नऊ पिशव्यांतून नऊ फाईलींचे कोपरे बाहेर डोकावत होते. कुणी कुणाच्या पिशवीकडे बघत नव्हतं.

साडेअकराला शालनबाईंनी दार उघडलं. एकदा सगळ्यांकडे पाहिलं, एकदा पिशव्यांकडे. “या, सगळेच आत या. पीएफचा क्लार्क आज रजेवर आहे.”

आत गेल्यावर जो तो आपल्या पिशवीचे बंद चाळवू लागला. शेवटी भाषणाची सवय असलेल्या माणसालाच तोंड उघडावं लागलं. “बाई,” सर म्हणाले, “अधिकार आमचाच आहे. त्याबद्दल वाद नाही. पण पाठवण्याआधी तुम्ही नुसती एक नजर टाकलीत तर...”

“टाकली असती सर. पण मग उद्या तुम्ही म्हणाल, बाईंनी बघितली होती.”

नऊ माना खाली गेल्या.

“आणि मढवी सर,” बाई पुढे म्हणाल्या, आवाज न चढवता, “तुमची फाईल माझ्याकडं एकदाच आली. एक्क्याऐंशीला. दोन त्रुटी होत्या, साधनांची यादी नव्हती आणि एका पानावर तुमची सही राहिली होती. दहा मिनिटांचं काम. दुसऱ्या दिवशी मुदत संपत होती, म्हणून मी तुमचं पत्र टाईप करून ठेवलं आणि सातपर्यंत थांबले. तुम्ही आला नाहीत. मला वाटलं, आजारी पडलात.”

सरांचे कान गरम झाले. “मला वाटलं, तुम्ही परत काहीतरी काढाल,” ते म्हणाले. बोलून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, स्वतःलासुद्धा नाही.

“काढलंच असतं. मग तुम्ही परत दुरुस्त केलं असतंत. त्यात एवढं घाबरायचं काय?” बाईंनी टेबलावरचे आपले कागद एका बाजूला सारले. “पोस्ट चारला रजिस्टर घ्यायचं बंद करतं. हे टेबल घ्या, हा गोंद घ्या, दोरा आहे, लाख आहे. सही मात्र तुमची.”

सरांनी आधी मालिनी मॅडमची फाईल काढली. तिच्यावर सही करायला त्यांना खरोखरच काही विचार करावा लागला नाही आणि हे जुलैतही करता आलं असतं, हेही त्याच वेळी कळलं. बोटभर मोठा शिक्का इतका मोठा होता की तो मॅडमच्या निम्म्या नावावर चढला. मग त्यांनी स्वतःची फाईल उघडली. ‘अर्जदार’ लिहिलं होतं तिथं सही केली. पेन खाली ठेवलं, उठले, आणि टेबलाला वळसा घालून पलीकडच्या खुर्चीकडे निघाले.

“कुठं चाललात?” बाईंनी विचारलं.

“हेडची सही...” सर अडखळले.

“इथूनच करा सर. पोस्ट बंद होईल.”

सर परत बसले आणि त्यांनी त्याच खुर्चीत बसून, त्याच पेनानं, पहिल्या सहीखाली दुसरी सही केली. ती घाईत झाली, त्यामुळे दोन सह्या निराळ्या दिसल्या ते एक बरं झालं. ते पाहून भौतिकशास्त्राच्या प्रमुखांनी वर्तमानपत्र बाजूला केलं. टोपणं उघडल्याचे आवाज आले, गोंदाची बाटली हातोहात फिरली. पावणेचारला नऊ विभागप्रमुख पोस्टाच्या एका खिडकीवर रांगेत उभे होते आणि खिडकीतला माणूस कपाळावर हात मारत होता.

उत्तरं जानेवारीत आली. उल्हासनगरला नाही, थेट बदलापूरला, विभागाच्या पत्त्यावर. मालिनी मॅडमचा प्रस्ताव मंजूर झाला होता. त्यांनी अख्ख्या कॉलेजात पेढे वाटले आणि पहिला पेढा सरांना दिला. तो खाताना सरांना त्या नऊ त्रुटी एकेक आठवत गेल्या. दुसरा लिफाफा हातात घेऊन चंदर दोन ट्रेंच्या मधे उभा होता.

“हा हेडला देऊ का मढवी सरांना?”

“माझ्याकडे दे,” सर म्हणाले.

मंजूर नव्हता. खाली इंग्रजीत आठ ओळींचा अभिप्राय होता. तळ्यांचा नकाशा जोडलेला नाही. नमुने कसे गोळा करणार ते धड सांगितलेलं नाही. बारा वर्षांत सात तळ्यांतला देवभात दोन तळ्यांवर आला, हे अर्जदारानं तक्त्यात एका ओळीत उरकलं आहे. खरा अभ्यासाचा विषय तोच असताना प्रस्तावात त्याबद्दल अवाक्षर नाही. सरांनी पत्र उभ्यानंच चार वेळा वाचलं. पहिल्या वेळी राग आला, दुसऱ्या वेळी जास्त आला. तिसऱ्या वेळी लक्षात आलं की दिल्लीत कुणीतरी, कुणी अनोळखी माणूस, त्या तक्त्यापर्यंत वाचत गेला होता. आपलं लिहिणं आजवर आपल्याशिवाय कुणी वाचलंच नव्हतं. चौथ्या वेळी वाचून झाल्यावर त्यांनी पत्राची घडी घालून ते परत लिफाफ्यात ठेवलं.

घरी गेल्यावर त्यांनी लिफाफा जनीच्या पुढ्यात ठेवला. तिला इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण नवऱ्याचं तोंड वाचता येत होतं.

“नाय मिलाला?”

“नाय.”

जनीनं सुस्कारा टाकला. पुढचं तिला पाठ होतं. “म आता कोनी आडवला? दिल्लीनं?”

“कोनी नाय आडवला ग,” सर म्हणाले. “मीच कच्चा लिवलता.”

जनी त्यांच्याकडे बघतच राहिली. लग्नाला सोळा वर्षं झाली होती. तिनं स्टोव्ह बारीक केला, पदराला हात पुसले आणि त्यांच्यासमोर पाट घेऊन बसली.

“वाचा बघू मना,” ती म्हणाली, “काय काय चुकलाय तं.”

सरांनी चष्मा लावला आणि पहिल्या चुकीपासून वाचायला सुरुवात केली.